कधी चालू होईल?

मशीन चालू असतं तेव्हा आम्हाला कुणी विचारत नाही. अख्खी शिफ्ट शांत गेली की जाताजाता कुणीतरी टोमणा मारणारच, काय मेंटेनन्सवाले, मजा आहे बुवा, बसून पगार. आणि मग कुठेतरी एक कपलिंग तुटतं, नाहीतर गिअरबॉक्समधून ती ओळखीची घरघर यायला लागते, लाइन थांबते, आणि पाचच मिनिटांत ज्याला काल माझं नावसुद्धा माहीत नव्हतं तो माणूस माझ्या पाठीमागे उभा राहून विचारतो, "कधी चालू होईल?"

फिटर म्हणून मला पंचवीसच्या वर वर्षं झाली. हा प्रश्न किती वेळा ऐकला याचा हिशोब नाही. आधी सुपरवायझर विचारतो, मग शिफ्ट इंचार्ज, मग फोनवर त्याच्या वरचा साहेब, आणि प्रत्येकाला वाटतं आपणच पहिल्यांदा विचारतोय. मी अजून कव्हरचे बोल्टसुद्धा काढलेले नसतात. आत काय झालंय ते मशीनलाच ठाऊक. पण उत्तर तर द्यावं लागतं, "बघतो" म्हटलेलं कुणाला चालत नाही, मग आपण ठोकून देतो, "दोन तास". झालं. तिथून पुढे ते दोन तास मानेवर बसतात ते बसतातच.

आमच्या कामाबद्दल कुणी विचारलं तर त्यांच्या डोळ्यासमोर तेल, ग्रीस, आवाज, काळे हात एवढंच येतं. ते आहेच, सांगतो त्याबद्दल पण. पण मला विचाराल तर या धंद्यात माणसाला सगळ्यात जास्त इजा करणारी गोष्ट हा प्रश्न आहे. कसं ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

एक गोष्ट मला स्वतःला कळायला दहा वर्षं लागली. मशीन बनवणारा माणूस ऑपरेटरला डोळ्यासमोर ठेवून मशीन बनवतो. ऑपरेटर इथे उभा राहणार, इथे बटण दाबणार, म्हणून इथे जाळी, इथे गार्ड, दरवाजाला इंटरलॉक, दरवाजा उघडला की मशीन बंद, प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं म्हणजे एक हात आत राहायला नको. सगळं बरोबर, चांगलंच आहे. पण आमचं काम सुरू कुठून होतं? ते गार्ड खोलून बाजूला ठेवलं की तिथून. ज्या जागेत कुणाचा हात जाणारच नाही असं धरून ड्रॉइंग काढलेलं असतं, नेमका तिथे आमचा हात असतो. कधी कधी तर मशीन चालू ठेवूनच बघावं लागतं, पट्टा कुठे सरकतोय, आवाज कुठल्या बेअरिंगचा आहे, गळती नक्की कुठून आहे. बंद मशीन यातलं काहीच सांगत नाही. म्हणजे बाकी सगळ्यांसाठी केलेली सेफ्टी आमच्यापाशी येऊन संपते.

आणि जागा! हात जाईल तर पाना फिरणार नाही, पाना फिरेल तर डोळ्याला दिसणार नाही. चार बोल्टांपैकी तीन समोर आणि चौथा मोटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. तो नुसत्या बोटांनी चाचपत, एका वेळी जेमतेम एक-दोन खाच पुढे सरकवत खोलायचा, आणि खाली पडला तर तो बरोबर अशा ठिकाणी जाऊन बसतो की त्याला काढायला अर्धा तास. ज्याने हे डिझाइन केलं त्याला एकदा तरी हा बोल्ट खोलायला लावा, असं प्रत्येक फिटर आयुष्यात शंभर वेळा म्हणतो. उताणं पडून काम करायचं, वरून तेलाचा थेंब कपाळावर, मान वाकडी, गुडघा चेकर प्लेटवर टेकलेला. त्या प्लेटची नक्षी गुडघ्यावर उमटते ती संध्याकाळपर्यंत जात नाही. वजन उचलायला चेन ब्लॉक असतो, पण चेन ब्लॉक अडकवायला वर काही नसतं, मग काय, "धर रे जरा". माझ्या कमरेचा जो काही प्रॉब्लेम आहे तो असल्या दोन-तीनशे "धर रे जरा"चा आहे.

यावर "मग नीट सेफ्टी घेऊन काम करा ना" असं म्हणणारे खूप असतात. बरोबर आहे. पण आधी "मशीन बंद आहे" म्हणजे काय हे तरी ठरवू. बटण दाबलं म्हणजे बंद? मोटर थांबली हो, पण हायड्रॉलिक पॅकवर, म्हणजे तेलाला दाब देणाऱ्या पंपाच्या संचावर, अॅक्युम्युलेटर बसलेला असतो, त्याच्या पोटात नायट्रोजन दाबून भरलेला, तो पंप बंद झाल्यावरसुद्धा तेलाला ढकलत राहतो. प्रेसचा वर उचललेला रॅम, म्हणजे दाबणारा जड भाग, खाली यायला करंट लागत नाही, त्याचं वजन पुरतं. एअर सिलिंडरमध्ये हवा अडकून राहिलेली असते आणि अडकलेला माल काढला रे काढला की तो सटकन पुढे येतो. ताणलेली स्प्रिंग, ड्राइव्हमधला चार्ज राहिलेला कॅपेसिटर, पाइपात कोंडलेली वाफ. मशीन थांबलंय, पण आत सगळं दबा धरून बसलेलं आहे, असं पुष्कळदा असतं.

हायड्रॉलिकचं एक सांगून ठेवतो, कारण हे नवीन पोरांना खरंच माहीत नसतं. होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर त्यातून येणारी तेलाची धार डोळ्याला धड दिसतही नाही, फार तर धुकं दिसतं. मग माणूस काय करतो, हात फिरवून बघतो की कुठून येतंय. तेल कातडीच्या आत घुसायला साधारण ७ बार प्रेशर पुरतं म्हणतात, आणि आमच्या पॅकवर गेजचा काटा २०० च्या आसपास असतो. मी ज्याच्या हाताखाली शिकलो त्या मिस्त्रीच्या बाबतीत हे माझ्यासमोर झालंय. टोचल्यासारखं झालं म्हणाला, बोटावर लाल ठिपका, रक्तही नाही. वेस्टने पुसून परत कामाला लागला, कारण मागे साहेब उभे होते. रात्री हात सुजून डबल. ऑपरेशन झालं, बोट राहिलं, पण ते परत कधी पूर्ण वाकलं नाही. आत गेलेलं तेल मांस कुजवत पसरत जातं आणि वरून काही दिसत नाही, म्हणून ठिपका किती का लहान असेना, लगेच हॉस्पिटल, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की प्रेशरचं तेल आत गेलंय. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरायचा. हात नाही. पुठ्ठा. बस.

आता माझं स्वतःचं.

लांब चेन कन्व्हेअर होता, मी टेल एंडला, म्हणजे शेवटच्या टोकाला आत, चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचं, स्प्रॉकेटचं बेअरिंग बदलत होतो. पॅनल दुसऱ्या टोकाला, मधे दोन मशिनं, तिथून मी दिसत नाही. इमर्जन्सी स्टॉप दाबून ठेवलेला, तेवढ्यावर आम्ही काम करायचो तेव्हा, सगळेच करायचे. जाताना नेहमीप्रमाणे विचारलं गेलं आणि मी नेहमीप्रमाणे ठोकलं, "दोन तास". बेअरिंग शाफ्टवरून निघेना, पुलर घसरत होता, आत घाम आणि अंधार, वेळेचं भान नव्हतं. तिकडे दोन तास झाले. पॅनलवर जो होता त्याला वाटलं झालं असेल काम, त्याच्याही डोक्यावर कुणीतरी उभं होतंच, त्याने इमर्जन्सी सोडला, रीसेट केलं आणि स्टार्ट दाबलं. चेन वीतभर सरकली असेल, मी ओरडलो, कुणीतरी ते ऐकून थांबवलं. माझा उजवा हात तेव्हा पाना घ्यायला मागे गेलेला होता. आधीच्या मिनिटाला तो चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे होता आणि पुढच्या मिनिटाला परत तिथेच जाणार होता.

मी बाहेर येऊन जमिनीवर बसलो. पाय लटपटत होते ते बराच वेळ थांबेनात. तो पॅनलवाला पोरगा माझ्यापेक्षा जास्त पांढरा पडला होता. मग उठलो, आत गेलो, बेअरिंग बसवलं. ब्रेकडाऊन रजिस्टरमध्ये लिहिलं, "बेअरिंग बदलले, ट्रायल घेतली, मशीन ओके, वेळ २ तास ५० मिनिटे." पन्नास मिनिटं जास्त का लागली हे मला दुसऱ्या दिवशी विचारण्यात आलं.

त्या पोराला मी कधी दोष दिला नाही. त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता ना. मीच म्हटलं होतं दोन तास. आजही मला त्यातलं हेच जास्त लागतं.

यावरचा उपाय काही रॉकेट सायन्स नाही, एक कुलूप आहे. मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात, आणि आपल्या नावाचा टॅग. चार जण काम करत असतील तर एका हॅस्पमध्ये, म्हणजे बऱ्याच भोकांच्या कडीत, चार कुलपं, शेवटचा माणूस बाहेर येऊन स्वतःचं कुलूप काढत नाही तोवर स्विच कुणाच्या बापाला चढवता येत नाही. अमेरिकेत याचा सरकारी नियम १९८९ मध्ये आला. म्हणजे बघा, माणूस चंद्रावर जाऊन आला त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती, आणि स्विचला कुलूप लावा हे कायद्याने सांगायला तेवढा वेळ लागला. आमच्याकडे लाल कुलपं आली ती त्याच्याही खूप नंतर, आणि आल्यावरसुद्धा पहिली काही वर्षं ती कपाटात होती. कपाटालाही कुलूप होतं.

आणि कुलपानेही सगळं भागत नाही, कारण माहिती कुलपात राहत नाही. शिफ्ट बदलते तेव्हा काय होतं ते बघा. मी अर्धं काम करून निघालो, पुढचा आला, मी घाईत, तो झोपेतून उठून आलेला, "ते पंपाचं काय ते बघून घे", "हो हो". पायपर अल्फा नावाचा तेल काढायचा प्लॅटफॉर्म होता, ब्रिटनच्या उत्तर समुद्रात. ६ जुलै १९८८ ला तिथे एका कंडेन्सेट (गॅसमधून निघणारं पातळ तेल) पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता, काम दिवसपाळीत संपलं नाही म्हणून उघड्या तोंडावर एक ब्लाइंड फ्लँज, म्हणजे लोखंडी झाकण, लावून ठेवला. रात्री दुसरा पंप ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, काही केल्या चालू होईना. आता रात्रपाळीवाल्यांनी या पहिल्या पंपाचे कागद बघितले, त्याच्या ओव्हरहॉलचा परमिट, म्हणजे कामाचा परवाना, सापडला, ते काम सुरूच झालं नव्हतं, म्हणजे पंप ठीक आहे. व्हॉल्व्ह काढल्याचा परमिट वेगळा होता, वेगळ्या ठिकाणी ठेवलेला, तो त्यांच्या डोळ्यासमोर आलाच नाही. पंप चालू केला. त्या फ्लँजमधून गॅस बाहेर आला. १६७ माणसं गेली.

मी हे वाचलं तेव्हा एवढ्या मोठ्या आगीपेक्षा मला ती पाच-दहा मिनिटं दिसत राहिली, पंप ट्रिप झाल्यापासून दुसरा चालू करेपर्यंतची. तिथे कुणी काय बोललं असेल ते मला सांगायची गरज नाही. जगातल्या कुठल्याही भाषेत तो एकच प्रश्न असणार.

तसंच ते "तात्पुरतं". आमच्या धंद्यात तात्पुरतं नावाची जी चीज आहे तिच्याइतकं टिकाऊ काही नाही. आत्ता वेल्डिंग मारून चालू करून दे, रविवारी नीट करू. तो रविवार काही येत नाही. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला एका केमिकल प्लांटमध्ये १९७४ साली सहा रिअॅक्टर ओळीने होते, पाचव्याला तडा गेला, म्हणून तो काढून चौथ्या आणि सहाव्याला जोडणारा एक वाकडा पाइप घातला, दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे भात्यासारखे लवचीक जोड. त्या पाइपचं ड्रॉइंग काय होतं माहितीये? वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. जोर कुठे पडेल, बेलोज किती सहन करतील, याचा धड हिशोब कुणी केला नव्हता, कारखान्यात वर्क्स इंजिनिअरची खुर्ची तेव्हा रिकामीच होती. दोन महिने चाललं. १ जूनला पाइप फाटला, २८ जण गेले, आणि शनिवार होता म्हणून तेवढ्यावर निभावलं.

खडूने फरशीवर आकृती मी पण काढलीय. कित्येकदा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, साधा ब्रॅकेट, साधा गार्ड असाच बनतो. प्रश्न असा आहे की कुठली आकृती फरशीवरची आणि कुठली कागदावरची, हे ठरवायला माणसाला डोकं शांत लागतं, आणि डोकं शांत राहू देत नाहीत.

उलटी बाजू पण सांगायला पाहिजे नाहीतर वाटेल मी फक्त साहेब लोकांना शिव्या घालतोय. आम्ही लोकही कमी नाही. चांगल्या चाललेल्या मशीनला उगाच हात लावायची खोड आमच्यात असते, आणि प्रिव्हेंटिव्हच्या, म्हणजे बिघडायच्या आधीच करायच्या मेंटेनन्सच्या (पीएम) नावाखाली खोललेलं मशीन त्याच आठवड्यात बंद पडलेलं मी पाहिलंय. दुसऱ्या महायुद्धात वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने ब्रिटिश बॉम्बर विमानांचे आकडे मांडून बघितले, तर दर ठरावीक तासांनी जी तपासणी व्हायची तिच्या लगेच नंतर बिघाड वाढलेले दिसले, आणि मग हळूहळू कमी होत गेलेले. म्हणजे तपासणीतच काहीतरी सैल राहत होतं, काहीतरी उलटं बसत होतं. तपासण्यांमधलं अंतर वाढवलं तर विमानं जास्त उडायला लागली. हे मी एकदा मीटिंगमध्ये सांगितलं तर साहेब खूश झाले आणि पीएमचा वेळच निम्मा केला. तपासणी कधी करायची आणि ती करायला वेळ किती द्यायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत मीटिंग संपली होती.

बरं, शरीराचं. कानापासून सुरुवात करतो कारण कान हेच आमचं मुख्य हत्यार. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंग हाउसिंगवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, आत काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. आता व्हायब्रेशनची मीटरं आलीत, चांगली आहेत, पण मीटर आणायला माणूस जाईपर्यंत जुना फिटर सांगून मोकळा होतो, आतली रिंग गेलीय. आणि हाच कान त्याच जागेत खलास होतो. ८५ डेसिबलला आठ तास, आणि तिथून पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा हिशोब धरतात. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटं. कॉम्प्रेसर रूममध्ये मी पंधरा मिनिटांत बाहेर आलोय असं एकदाही झालेलं नाही. कानात प्लग घालायचे तर मशीनचा आवाज कसा ऐकायचा, म्हणून आमची पिढी प्लग खिशात ठेवायची. आता पातळ आवाज आधी गेलेत, स आणि श मधला फरक कळत नाही, टीव्हीचा आवाज मी वाढवतो आणि घरातले कमी करतात. रात्री सगळं शांत झालं की कानात एक बारीक शिट्टी चालू असते. ती बंद करायला मेन स्विच नाही.

तेलाचं लोक हसण्यावारी नेतात. हात काळे, त्यात काय. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या कापूस गिरण्यांत म्यूल नावाच्या सूत कातायच्या मशीनवर काम करणारे कामगार होते, दिवसभर तेल लावलेल्या दांड्यावर वाकून काम, चात्यांमधून उडणारं तेल पँटच्या पुढच्या भागात मुरायचं. १९२२ मध्ये मँचेस्टरच्या दोन डॉक्टरांनी लिहिलं की या लोकांना अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होतोय. तिथे नियम यायला १९५३ उजाडलं. शुद्ध न केलेली खनिज तेलं कॅन्सर करतात हे आता पक्कं धरलेलं आहे. आताची तेलं बरीच साफ असतात म्हणे, असतील, पण तेलाने भिजलेला चिंधा पँटच्या खिशात कोंबायची सवय आमच्यातल्या कुणाला नाही? आणि संध्याकाळी थिनरने हात धुवायचे, मस्त स्वच्छ निघतात, कातडीतलं सगळं स्निग्ध पण सोबत निघून जातं, मग भेगा, मग खाज, मग भेगांमधून परत तेल आत. हे सगळं कळूनही मी परवा थिनरनेच हात धुतले. साबणाची डबी रिकामी होती.

टाकीत उतरायचं कामही सांगतो, थोडक्यात. बंद लोखंडी टाकी नुसती गंजत पडली असेल तरी गंज आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. बाहेरच्या हवेत २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की माणसाने आत जायचं नाही. नाकाला काही कळत नाही, वास नाही, गुदमरल्यासारखं पण होत नाही, पाय जातात आणि माणूस खाली. मग वरचा त्याला काढायला उडी मारतो आणि तोही तिथेच. असल्या अपघातांत वाचवायला गेलेलेच कितीतरी असतात. मीटर लावून बघायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणाच्या हिशोबात धरायची यावर मी भांडणं झालेली बघितलीत.

आणि रात्र. मशिनं रात्रीच जास्त बंद पडतात असं मला वाटतं, आकडा नाही माझ्याकडे, पण रात्री माणसं कमी असतात, स्टोअर बंद असतं, आणि पाहिजे तो ऑइल सील नेमका त्या बंद स्टोअरमध्ये असतो. रात्रपाळी हे बहुधा कॅन्सरचं कारण असू शकतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००७ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये परत तपासून तेच कायम ठेवलं. ते तर झालंच, पण माझं म्हणणं त्याहून साधं आहे. पहाटे तीन-साडेतीनला माणूस हुशार नसतो. मी त्या वेळी सील उलटा बसवलाय, बोल्ट हातानेच आवळून कव्हर लावलंय, एकदा पाना आत विसरून गिअरबॉक्स बंद केला होता आणि नशीब की ट्रायलच्या आधी पाने मोजले. आणि रात्रपाळी नसेल तेव्हा फोन असतो. घरी झोपलेला माणूसही ड्युटीवर असल्यासारखा झोपतो, एक कान उघडा ठेवून, आता तो कानही गेलाय म्हणून मोबाइल उशीखाली व्हायब्रेटवर. उचलला की "हॅलो" नाही, काही नाही. तेच वाक्य.

मग हे करता कशाला, असं मुलीने विचारलं होतं. सोपं उत्तर नाही देता येत. पण चार तास ज्याच्याशी झटापट केली ते मशीन ट्रायलला घेतलं की पहिले पाच-दहा सेकंद सगळे गप्प असतात, सुपरवायझरसुद्धा, आणि मग तो सरळ, गोल, न अडखळणारा आवाज सुरू होतो. हाउसिंगवर तळहात ठेवायचा. थरथर नाही, गरम नाही. ते दहा सेकंद फक्त माझे असतात. त्यानंतर सगळे आपापल्या कामाला जातात आणि मी खाली पडलेले बोल्ट-वायसर गोळा करत बसतो.

गेल्या महिन्यात एक नवीन पोरगा दिलाय माझ्या हाताखाली, आयटीआय करून आलाय, हात चांगला आहे, घाई फार. परवा त्याच जातीचा एक कन्व्हेअर थांबला. मेन स्विच बंद केला, माझं कुलूप लावलं, त्याचं लावायला लावलं, दोन्ही किल्ल्या दोघांच्या खिशात. तो पानांची पेटी उचलून निघाला तर मी त्याला म्हटलं थांब, पॅनलवर चल आणि स्टार्ट दाब.

"काका, कुलूप लावलंय ना आपण? किल्ली माझ्या खिशात आहे. मग परत स्टार्ट कशाला दाबायचं?"

एवढ्यात सुपरवायझर आलाच. नवीन आहे तोही, चांगला आहे तसा, त्यालाही कुणीतरी वरून विचारलेलं असणार. "दादा, कधी चालू होईल?"

"थांबा," मी म्हटलं, "अजून बंद झालंय की नाही ते बघू दे."

पोराने स्टार्ट दाबलं. आम्ही तिघं चेनकडे बघत उभे राहिलो. चेन हलली नाही. त्याने परत स्टॉप दाबलं, पेटी उचलली, आणि आम्ही टेल एंडकडे निघालो.